दुसऱ्या बाईचं माप

बातमाचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. दुधात पाणी असणार, डॉक्टर घाईत असणार, आणि जिन्यात गोड हसून चौकशी करणाऱ्या शेजारणीला काहीतरी उसनं हवं असणार, हे ती धरूनच चालायची. बहुतेक वेळा तसंच निघायचं, त्यामुळे सवय मोडायला काही कारण घडलं नाही.

ती बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवायची. डोक्यावरच्या आरशात मागचे प्रवासी दिसत. कोण तिकिटाचे पैसे न देता उतरायच्या बेतात आहे, कोण मेलेल्या आजोबांचा पास दाखवतोय, हे तिला माणूस चढतानाच कळायचं. आयुष्य असं आरशातून माणसं बघण्यात गेल्यावर समोर बसलेल्या माणसाकडेही ती तशीच, जरा तिरपी बघायची.

नवरा, तुरात त्याचं नाव, एका दवाखान्याच्या बॉयलरवर कामाला होता. अबोल माणूस. कोळसा टाकायचा, काटा बघायचा, घरी येऊन चहा प्यायचा. आठवड्याभराचं त्याचं बोलणं एका काडेपेटीत मावलं असतं. मुलगी लग्न होऊन कझाकस्तानात गेल्यापासून घरात दोघंच होती.

त्या हिवाळ्यात बातमाचे खांदे फार धरले होते. ट्रॉलीबसचे वरचे दांडे तारेवरून निसटले की ड्रायव्हरलाच खाली उतरून, दोर ओढून ते पुन्हा तारेवर बसवावे लागत. त्यासाठी हात वर केले की तिची ब्रा पुढून सरकून छातीवर चढायची. मागे उभ्या गाड्या भोंगे वाजवत असायच्या, आणि ही नारिंगी जाकिटाच्या आतून कोपराने ती खाली ढकलत असायची. पट्टे आवळले की खांद्यात रुतायचे, सैल केले की घसरायचे. दोन्ही खांद्यांवर करंगळी बसेल असे चर पडले होते, आणि उजव्या हाताला मुंग्या यायच्या. संध्याकाळी तुरात मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून त्यावर चोळायचा. तेही न बोलता.

"बाईच्या जातीला हे असंच," डेपोतली ल्यूबा म्हणायची. ती गाड्यांच्या वेळा लावायची आणि सगळ्यांच्या भानगडींची खबर ठेवायची. "घरी गेलं की काढून फेकायची. दिवसातलं तेवढंच सुख."

फेब्रुवारी संपत आला होता. तुरातच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाची खुंटीला अडकवायची नाडी तुटली, म्हणून बातमा सुई-दोरा घेऊन बसली. कोट उलटा केला तर आतल्या खिशात काहीतरी मऊ लागलं. गुलाबी फुलांची पिशवी, आणि पिशवीत नवी कोरी ब्रा.

तिने ती दिव्याखाली धरली. फिकट बदामी रंग, रुंद पट्टे, मागे तीन हूक. मग आत शिवलेल्या चिठ्ठीवरचं माप वाचलं. पंच्याहत्तर, आणि पुढे ई. बातमाचं माप पंच्याऐंशी बी. तरुणपणी सरकारी दुकानात बाईने जे हातात दिलं ते हेच, आणि तेव्हापासून ती तेच घेत आली होती.

म्हणजे ही दुसरीच कुणीतरी. पंच्याहत्तर म्हणजे अंगाने बारीक. आणि ई म्हणजे, एवढ्या बारीक अंगावर, छाती मात्र भरलेली. बातमाच्या डोळ्यांपुढे बाई उभीच राहिली. दवाखान्यातली नर्स असणार. पांढऱ्या कोटाची वरची गुंडी उघडी टाकणारी.

तिने ब्रा होती तशी घडी करून ठेवली, नाडी शिवली, दोरा दाताने तोडला. तुरात आत आला.

"शिवलीस?"

"शिवली. परवा सुट्टीच्या दिवशी कुठे गेला होतास रे, म्हाताऱ्या?"

"गॅरेजवर."

"कुणाच्या?"

"होतं एकाचं," म्हणून तो टीव्हीसमोर बसला. कान मात्र लाल झाले होते. बातमाने टीव्हीच्या काचेत पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने ल्यूबाला विचारलं, आपल्यासाठी नाही असं दाखवत. "एका मैत्रिणीच्या नवऱ्याच्या खिशात अशी वस्तू सापडली. काय समजायचं?"

"मापाची आहे का मैत्रिणीच्या?"

"नाही."

"मग समजायचं काय राहिलं?" ल्यूबा म्हणाली, आणि मग डोळे बारीक करून, "कुठली मैत्रीण ग?"

बातमा तशीच गाडीवर चढली.

पिशवीवर दुकानाचा शिक्का होता, दोर्दोय बाजारातल्या युरोप ओळीतला. सुट्टी मिळताच ती निघाली. दोर्दोय म्हणजे एकावर एक ठेवलेले लोखंडी कंटेनर, खाली दुकान, वर गोदाम, आणि मधल्या बोळांतून "बाजूला, बाजूला" ओरडत धावणाऱ्या हातगाड्या. शिक्क्यावरचं दुकान तिला बऱ्याच शोधानंतर सापडलं. दारात पायांशी छोटी शेगडी घेऊन एक दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमानांतली, बाई बसली होती. हालिचा तिचं नाव. चाळिशीची, डोक्याला रुमाल, गळ्यात मापाची फीत. बातमाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बारीक होती. छातीचं मात्र जाड स्वेटरमुळे काही सांगता येईना.

"पंच्याहत्तर ई दाखवा," बातमा म्हणाली.

"कुणासाठी, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणत हालिचाने विचारलं.

"आहे एकजण."

"तिलाच घेऊन या ना. हे काही मोजे नव्हेत."

"या मापाची इथून एका पुरुषाने नेली. कातड्याचा कोट, मिशा. तो काय म्हणाला?"

हालिचाचं हसू मावळलं. "एजे, गिऱ्हाइकाच्या गोष्टी मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगायला लागले तर निम्म्या शहरात घटस्फोट होतील."

"तो माझा नवरा आहे."

शेजारच्या कंटेनरमधली रात्रीचे झगे विकणारी बाई हातातलं काम थांबवून ऐकायला लागली. हालिचाने बातमाकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यांकडे, आणि हात धरून तिला आत ओढलं.

"पडद्यामागे चला. कोट काढा."

"मी काही घ्यायला आले नाही."

"घेऊ नका. कोट काढा."

ही विकायची नवी युक्ती असणार, बातमाला वाटलं. पण इतक्या लांब येऊन अर्ध्यावर परतणं तिच्या स्वभावात नव्हतं. पडद्यामागे लोखंडी भिंत बर्फासारखी गार होती. हालिचाने छातीखालून फीत फिरवली आणि घट्ट ओढली.

"इतकी आवळू नका!"

"इथेच आवळायची असते. सगळा भार पाठीवरच्या या पट्ट्याने घ्यायचा. तुमचा बघा, कुठे चढलाय. मानेपर्यंत जाईल आणखी थोड्या दिवसांनी. म्हणून मग खांदे ओझं वाहतात." तिने बातमाची जुनी ब्रा मागून दोन बोटांत धरून ओढली. ती पिशवीच्या बंदासारखी लांब आली. "आणि कप लहान. अर्धं बाहेर, अर्धं काखेत. वाका पुढे. आता हाताने आत घ्या सगळं. लाजता काय, तुमचंच आहे."

नवी ब्रा अंगावर आली. शेवटच्या हुकावर घट्ट बसली. बातमा श्वास रोखून उभी राहिली, आता कुठे टोचतंय याची वाट बघत. टोचलं नाही. तिने हात वर केले, दोर ओढताना करायची तसे, पार कंटेनरच्या छतापर्यंत. काही हललं नाही. तिने पुन्हा केले. खांद्यांवरचे पट्टे नुसते टेकून होते, कुणी ओळखीच्याने हात ठेवावा तसे.

"काय माप आहे हे?" तिने विचारलं.

"तुम्ही मागितलंत तेच."

बातमाने मान वळवून चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "हे तुम्ही आत्ता जुळवून आणलंत. मी बोलले म्हणून."

 फळीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून हालिचाने बातमाच्या हातात दिलं. आत बातमाची स्वतःची एक ब्रा होती. काखेजवळ हिरव्या दोऱ्याने शिवलेली, कारण त्या दिवशी घरात पांढरा दोरा नव्हता. बाल्कनीच्या दोरीवरून ती नाहीशी झाली होती, आणि तेव्हापासून बातमा खालच्या मजल्यावरच्या बाईशी बोलत नव्हती.

"नमुना म्हणून ठेवून गेले," हालिचा म्हणाली. "मी सांगितलं, याच मापाची दिली तर दुखणंही तेच राहील. कशी बसते ते सांगा. तर तिकडे, दाराकडे तोंड करून उभे राहिले, आणि म्हणाले, खांद्यांत खड्डे पडतात. मी रोज चरबी भरतो. मागून वर चढते. हात वर केला की तिची चिडचिड होते. मग मी या ओळीतल्या तीन-चार दुकानदारणींना त्यांच्यापुढे उभं केलं, कुणाची पाठ तशी, कुणाची छाती, ते विचारलं. घामाघूम झाले बिचारे."

"एवढं सगळं बोलला?"

"एवढं सगळं."

"आमचा?"

"मिशा होत्या," हालिचा म्हणाली.

बातमा बराच वेळ हूक काढत राहिली. मग पडद्याआडून तिचा आवाज आला. "पण तुमच्या बरं सगळं लक्षात राहिलं."

"एजे, इथे पुरुष येतात ते लाल जाळीची घ्यायला येतात, तीही दोन मापं लहान. दुखू नये म्हणून मागणारा हा पहिलाच. लक्षात राहणार नाही?"

बातमा नवं काही न घेता, आपली जुनी ब्रा घेऊन परतली. तिला आता फक्त वाट बघायची होती. आठ मार्च, बायकांचा सण, तोंडावर आला होता. त्या दिवशी देणार असेल. तिने हिरव्या दोऱ्याची ब्रा कपाटात तळाशी ठेवली आणि खालच्या शेजारणीला जिन्यात स्वतःहून हाक मारली. ती बाई घाबरून दार लावून घेत म्हणाली, "आमच्याकडे साखर नाही."

सण आला. तुरातने सकाळी ट्यूलिपची तीन फुलं दिली आणि एक तळणीचा तवा. छान जड तवा होता. बातमाने तो उलटापालटा करून पाहिला. तो तोंड धुवायला गेल्यावर तिने कोटाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

तिने दुसराही खिसा उलटा करून पाहिला. हालिचाने सांगितलं ते सगळं खरं. पण वस्तू गेली कुठे? दोन बायकांचं माप एक असू शकतंच की. नर्स पुन्हा पांढऱ्या कोटात दारात येऊन उभी राहिली.

दुपारी तिने त्याला चहा दिला. घरच्या माणसाला वाटीत अर्धाच चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, माणूस बसून राहतो. बातमाने वाटी काठोकाठ भरली, नको झालेल्या पाहुण्याला भरतात तशी.

तुरातने वाटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"जाऊ का मी?"

"कुठे जायचं ते तुला माहीत. तिला आवडली का?"

"कुणाला?"

"जिला दिलीस तिला. पंच्याहत्तर ई."

तुरात वाटीला हात न लावता बसला. मिशीचं टोक दाताखाली गेलं. आणि मग काडेपेटी एकदम उघडली.

"कुणाला देणार? घेतल्यावर घरी येऊन तुझ्या बाकीच्यांवरचं माप बघितलं. कुठे पंच्याऐंशी, कुठे पंच्याहत्तर! म्हटलं, फसवलं बाईने. पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारला. गेलो भांडायला. तर ती म्हणते, तुमची बायको येऊन घालून बघून गेली, तुमच्यापेक्षा जास्त भांडून गेली!" त्याने श्वास घेतला. "तू माझे खिसे बघतेस. माझ्या मागावर बाजारात जातेस. आणि घरी येऊन गप्प. मग म्हटलं, देतच नाही, बघू, विचारते का."

"मी विचारलं होतं, कुठे गेला होतास!"

"मी गॅरेज म्हटलं."

"मग? खोटंच ना ते?"

"बायकोचा असला कपडा चोरून बाजारात नेला, हे काय सांगायचं असतं?"

 बातमाने त्याच्यापुढची वाटी उचलली, अर्धा चहा स्वतःच्या वाटीत ओतला आणि ती पुन्हा त्याच्यापुढे ठेवली.

"आहे कुठे मग?"

"बॉयलरपाशी. माझ्या कपाटात."

"कोळशात?"

"पिशवीत आहे," तुरात दुखावून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या थांब्यावर तो उभा होता, काळे हात मागे धरून. गाडी थांबली तशी तो ड्रायव्हरच्या खिडकीशी आला आणि गुलाबी फुलांची पिशवी आत सरकवली. गाडी गच्च भरलेली होती. "डबा विसरली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. "असला मऊ डबा?" दुसरी म्हणाली, आणि अख्खी गाडी हसली. बातमाने आरशात पाहिलं नाही. दारं बंद केली.

शेवटच्या थांब्यावर तिने कपडे बदलले. पुढचे कितीतरी दिवस ती मधूनच छातीखाली बोट फिरवून बघायची, कारण काही जाणवत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं असणार असं तिला वाटे. खांदे हळूहळू निवळले. उजव्या हाताच्या मुंग्या मात्र पुऱ्या गेल्या नाहीत, आणि त्या मानेच्या आहेत असं सांगणाऱ्या डॉक्टरवर तिचा आजही विश्वास नाही. ल्यूबाने पहिल्याच दिवशी तिच्या ताठ चालण्याकडे बघून विचारलं, "नवीन कुणी भेटलं की काय?" बातमाने ते खोडून काढलं नाही. ल्यूबाचे दोन आठवडे मजेत गेले.

एक धुवायला टाकली की दुसरी हवी, म्हणून एप्रिलमध्ये नवरा-बायको जोडीने दोर्दोयला गेली. हालिचाने न विचारता फळीवरून खोकं काढलं.

"पुन्हा मापा," बातमा म्हणाली.

"महिना झालाय फक्त, एजे."

"मापा तुम्ही."

तुरात पाठ करून बाहेर उभा राहिला. पडद्यामागे फीत फिरत होती, तेच आकडे पुन्हा येत होते, आणि बाहेरून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो रात्रीचे झगे विकणारीला बॉयलरमध्ये वाफेचा दाब कसा राखतात ते समजावून सांगत होता. सविस्तर. ती "अगंबाई" म्हणत होती.

"हलू नका," हालिचा म्हणाली.

"लवकर आटपा," बातमा कुजबुजली, आणि एका हाताने पडदा किंचित बाजूला सारून बाहेर पाहू लागली.