कोपऱ्यातला लाल दगड

आमच्या चाकणकडच्या गावात नाल्यालगतच्या वावराला आज्यानं इटलीतल्या एका खेड्याचं नाव ठेवलं होतं. मोठी लढाई संपली तरी शेतांत पुरलेले सुरुंग काढायला काही शिपाई तिकडंच ठेवले होते, त्यात आजा होता. परतल्यावर तो त्याबद्दल फारसं बोलला नाही, पण नाव वावराला चिकटलं. आता तिथं कंपनीची शेड आहे. तरी आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या जागेला अजून तेच नाव घेतात.

मी नववीतच शाळा सोडलेला. रहाटणीत भाड्यानं राहतो, कंपनीत फिटर आहे. नवीन मशीन शिकायला कंपनीनं मला, माझ्यासारख्याला, इटलीला पाठवलं. उपकारच म्हणायचे. पण इंग्रजी जेमतेम, काही चुकलं तर कंपनीचं नाव जाणार. तिथला फोरमन मात्र देवमाणूस. जेवताना एकदा त्याला त्या खेड्याचं नाव सांगितलं. आमच्या उच्चारात त्याला ते ओळखूच येईना. ओळखल्यावर मात्र रविवारी त्यानं मला गाडीत घातलं.

गाव डोंगरउतारावर होतं. चौकशी केल्यावर लोकांनी आम्हाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं नेलं. सुरुंग काढणाऱ्या हिंदी शिपायाचा नातू आलाय म्हटल्यावर त्यानं माझे दोन्ही गाल धरले आणि सरळ शेतात घेऊन गेला. त्याचा बाप सांगायचा म्हणे, सुरुंग काढून झाल्यावर गावातलं कुणी शेतात पाय ठेवीना. मग शिपायानं, म्हणजे आज्यानं, बूट काढले, बैल जुंपले आणि अनवाणी पायांनी सगळं रान नांगरलं.

"हा कोपरा सोडून," फोरमननं त्याचं बोलणं इंग्रजीत करून सांगितलं.

कोपऱ्यात गुडघाभर गवत आणि काटेरी झुडपं. कडेला लाल रंगाचा दगड. निघायच्या आधी शिपायानंच तो रंगवला होता. लाल म्हणजे मरण, एवढं म्हाताऱ्याच्या बापाला ठाऊक होतं. तेव्हापासून दर वर्षी हे लोक दगडाला रंग देतात आणि पलीकडं जात नाहीत. खाली झरा, माती काळीभोर. तिथं द्राक्षं लावायची म्हणत बाप गेला. आता हाही ऐंशीच्या घरात.

मी दगडाकडं बघत राहिलो. थरावर थर बसून रंग शेंदरासारखा फुगला होता. पुढ्यात एक सपाट दगडी चीप, निवद ठेवायला मांडल्यासारखी.

"अहो, हा तर म्हसोबा!" तोंडातून निघून गेलं. मोडक्या इंग्रजीत समजावलं: हा धोका नाही, देव आहे. शेताची राखण करणारा. आमच्या आज्यानं बसवलाय.

म्हाताऱ्यानं फोरमनकडून दोनदा ऐकून घेतलं. हसला, डोळे पुसले आणि घराकडं चालू लागला. वाटलं, वाइन आणायला गेला असेल. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

म्हातारा तो कोपरा नांगरायला निघाला होता. आपल्याकडचा देव ओळखला, इतकंच. खाली काय आहे ते मला काय माहीत? मी आण्णांना फोन लावला.

"आण्णा, आजा म्हसोबा कुठं बसवायचा?"

"आँ? जेवला का तू?"

"आण्णा, लवकर सांगा!"

"आपला नाल्यावरचा हाय की. तितं तुजा चुलता बुडता बुडता वाचला, मंग बसवला. आन् बांधावरचा, तितं बैलाला पान लागलं व्हतं, साप डसला व्हता."

"म्हणजे धोक्याच्या जागी?"

"मंग? धड जागंला राखण कशाला लागती रं?"

मी धावलो. ट्रॅक्टरचं नाक गवताजवळ आलं होतं. आडवा झालो, हात पसरले. "वेट, वेट" याच्यापुढं एक शब्द सुचेना. पायरीवर चढून चावी फिरवली आणि खिशात घातली. म्हातारा लालबुंद झाला. ओरडत काय म्हणाला ते फोरमननं खाली बघत सांगितलं: "जन्मभर आम्ही भीत राहिलो. तूच म्हणालास देव आहे, आता तूच अडवतोस. देव की मरण, काय ते एक सांग."

"दोन्ही," मी म्हणालो. "मरण असेल म्हणूनच देव बसवलाय."

सुरुंग शोधणाऱ्या लोकांना बोलवा, अशी हात जोडून विनवणी केली. म्हाताऱ्यानं चावी हिसकावून घेतली, ट्रॅक्टर मागं वळवला, माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही. फोरमननं तिथूनच फोन केला.

पुढचे दिवस कामात लक्ष लागेना. काहीच निघालं नाही तर त्या घराला उगाच दुखावलं. आणि निघालं तर?

एका दुपारी फोरमननं मशीन थांबवून मोबाइल पुढं धरला. फोटोत कापडावर दोन गंजलेले गोल डबे. दगडापासून हातभर पलीकडं सापडलेले. मी खाली बसलो, फोरमननं पाणी आणून दिलं.

जमीन आता साफ होती. म्हाताऱ्यानं निरोप पाठवला होता: दगडाचं काय करायचं?

मी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे म्हनावं तितंच. वळसा घालून नांगरायचं. आन् रंग चुकवू नका म्हनावं."

निरोप पोचला. संध्याकाळी उलट प्रश्न आला: रंग लालच का?

लालच, मी कळवलं.