मास्तरांचा लाल ढग

"बनियन काढ!"

सकाळी सकाळी गच्चीवरून मास्तरांची ही हाक आली की मी समजायचो, रातभर डांगच्या जंगलात आभाळाचे फोटो काढून आलेत. लिंबायतच्या मिल कामगारांच्या वस्तीत आमच्या वरच्या खोलीत राहायचे. मिलमध्ये कलर मास्तर. साडीचा लाल बराबर उतरला का नाही, ते त्यांच्या डोळ्यावर ठरायचं. मी लूमवर, कापड विणायला. माझ्या डोळ्यावर काहीच ठरत नाही. भाजीसुद्धा बायको मला निवडू देत नाही.

आता बनियन कशाला? तर कॅमेऱ्याच्या तोंडावर पांढरं कापड ताणून उजेडाचा फोटो घ्यायचा. त्यात काचेवरची धूळ दिसते, मग कॉम्प्युटरवर तेवढी वजा करायची. एकदा बनियनला ऑइलचा डाग होता. कॉम्प्युटरनं तिथलं आभाळच उजळवून ठेवलं.

"मास्तर, नवा तारा निघाला!"

"तारा नाही, तुझी आंघोळ राहिलीय ती."

त्यांना एकाच ढगाचं वेड. लांब आभाळातला, गॅसचा, आतून स्वतःच लाल पेटलेला. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. साधा कॅमेराही तो लाल अडवतो, म्हणून त्यांनी कॅमेरा खोलून आतली काच काढून टाकलेली. वहिनी म्हणायच्या, "माझा मिक्सर खोलायला मात्र यांना टाइम नाही!"

मग त्यांच्या डोळ्याची नस सुकायला लागली. डॉक्टर बोलले, आधी लाल फिका पडणार. मिलमध्ये कळलं तर नोकरी गेली. आणि हे सांगितलं कुणाला? मला! गल्लीतल्या सगळ्यात बडबड्या माणसाला.

"तुझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तुला सांगतो," म्हणाले.

तेव्हापासून संध्याकाळी कापडाचे तुकडे माझ्यापुढे यायचे.

"कसा लाल?"

"टमाट्यासारखा."

"कच्चा का पिकलेला?"

"चटणीतला."

मास्तर डोकं धरून बसायचे. तुम्हीच सांगा, आंधळ्याला वाट दाखवायला कुणी मला उभं करतं का?

एक दिवस व्यापाऱ्याकडून लॉट परत आला. लाल फार गडद उतरलेला. त्या लॉटचा तुकडा मास्तरांनी मला दाखवलाच नव्हता. उभी हयात रंगात गेलेला माणूस, रोज रोज लूमवाल्याला किती विचारणार? शेठ ओरडला नाही. चहा पाजला आणि घरी बसा म्हणाला.

मास्तर शिरपूरला गावी निघाले. आदल्या संध्याकाळी मी वर गेलो. सामान बांधून झालेलं, कॉम्प्युटर तेवढा चालू. मास्तर स्क्रीनला नाक लावून त्या ढगाचा लाल वाढवत होते. अजून, अजून. ढगाची कडा गेली, आतले तारे बुडाले, पडदाभर नुसता लाल. मागं उभ्या वहिनींचं तोंडही त्या उजेडात लाल झालेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.  मी वाकून सामानाची दोरी आवळायला लागलो.

"आता जरा यायला लागला," मास्तर म्हणाले. "फिकाच आहे, पण येतोय."