नर्मदेवरची रेडिओवाली

जहाजाच्या रेडिओची परवाना-परीक्षा द्यायला मुंबईत जमलेल्या मुलामुलींत समुद्र न पाहिलेली रिना पावरा एकटीच होती. शेजारच्या बाकावरच्या रत्नागिरीच्या मुलाने विचारलं, "तुमच्या नंदुरबारला बंदर कुठलं गं?"

"आमचं अख्खं गावच पाण्यात आहे," रिना म्हणाली. "बंदराचं काय घेऊन बसलास!"

ती खोटं बोलली नव्हती. धरणाचं पाणी नर्मदेच्या खोऱ्यात चढलं तेव्हा तिच्या वडिलांचं, दलसिंगचं, गाव बुडालं आणि पाडे टेकड्यांवर सरकले. तिथे रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. आजारी माणसाला अँब्युलन्सपर्यंत आणायला एका संस्थेची बोट, आणि ती चालवायला रिनाचा काका दिलवरसिंग. संस्थेने बोटीवर जहाजाचा रेडिओ बसवला, दुसरा घाटावरच्या खोलीत. शिवाय बोटीवरचं एक यंत्र आपला ठावठिकाणा आपणहून कळवत राहतं आणि खोलीतल्या पडद्यावर बोट हिरवा ठिपका होऊन सरकताना दिसते. लोणखेड्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली रिना परीक्षा पास होऊन या खोलीत बसली.

पडद्यावरच्या तयार नकाशात नुसतं निळं पाणी होतं. पाण्याखालची झाडं त्याला काय ठाऊक! रिनाने वडिलांना शेजारी बसवलं. दलसिंग पडद्यावर बोट टेकवून सांगायचा, "हे आपलं महूचं झाड. इथं चिंचा. इकडं बोट आणली तर तिचं पोट फाटेल." तिथे रिना लाल खूण करायची. बुडालेलं गाव असं झाडाझाडाने पडद्यावर उभं राहिलं.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. या रेडिओवर बटन दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकू येतं. एका वेळी एकच. दिलवरसिंग बटन सोडतच नसे. समोरचा माणूस ऐकत असताना हात काढून घेणं म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवणं, असं त्याला वाटे.

"काका, सोडल्याशिवाय माझं उत्तर कसं ऐकू येणार?"

"तू बोल ना. मी कुठं तुला अडवलंय?"

पौषातल्या त्या सकाळी पाण्यावर दाट धुकं होतं. दिलवरसिंगची सून आशा बाळंतपणात अडली होती आणि तो तिला घेऊन निघाला होता. संस्थेचे शहाद्याचे व्यवस्थापक राजेंद्र पाटील खोलीत रिनाच्या मागे उभे होते. हिरवा ठिपका वाट सोडून थेट लाल खुणांकडे सरकत होता.

"रिना, काहीच दिसत नाही गं! कुठं जाऊ? सांग ना!" रेडिओतून काकाचा आवाज आला. पाठोपाठ इंजिनाची घरघर, आशाचं कण्हणं. बटन दाबलेलंच होतं. रिना बोलत राहिली, पण तिचा एक शब्दही तिकडे पोहोचत नव्हता.

"बटन कसाले सोडत नही तो?" राजेंद्रभाऊ पडद्याकडे वाकले. "आते काय करानं वं पोरी?"

रिना उठली. मग दारात येऊन बाहेर उभ्या असलेल्या वडिलांना ओरडून म्हणाली, "बाबा, कूक द्या! काकापर्यंत पोचली पाहिजे!"

डोंगरात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला हाक द्यायची ती अशीच, लांब, उंच कूक. ती कानावर आली की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं. उत्तर न देणं म्हणजे वैर धरणं. आणि कूक द्यायला दोन्ही तळवे तोंडाशी धरावे लागतात.

दलसिंगने टेकडीवर चढून कूक दिली. पलीकडच्या पाड्याने ती उचलली, त्याच्या पुढच्याने पुन्हा. धुक्यात ती पाण्यावरून सरकत गेली. रेडिओतून काकाचा आवाज आला, "थांब गं रिना, कुणी तरी कूक देतंय."

आणि रेडिओ एकदम गप्प झाला. दूर धुक्यातून दिलवरसिंगची कूक उमटली.

रिनाने बटन दाबलं. "काका, माइकला हात लावू नका. नुसतं ऐका. तुमच्यासमोर आपल्या जुन्या चिंचा आहेत. डावीकडे वळा. अजून. अजून थोडं."

काकाचं उत्तर येणार नव्हतं, यायला नकोच होतं. पडद्यावर ठिपका वळला. 

रिना बोलत राहिली, ठिपका ऐकत राहिला. लाल खुणा मागे पडल्या. धुक्यातून बोटीचं नाक बाहेर आलं तेव्हा तिचा घसा बसला होता. आशाला मुलगी झाली ती धडगावच्या दवाखान्यात, सुखरूप.

संध्याकाळी दिलवरसिंग भावाला म्हणाला, "तुझी पोर आज धुक्यात मला आपल्या गावातून फिरवून आली. एकेक झाड सांगत होती."

"तिनं ते गाव कधी पाहिलंसुद्धा नाही," दलसिंग म्हणाला आणि ताठ बसला.

आता या पाण्यावर संस्थेच्या आणखी बोटी आहेत आणि त्यांचे चालक रिनाच तयार करते. बोलणं संपलं की जगभरचे रेडिओवाले "ओव्हर" म्हणतात. इथे छोटीशी कूक द्यायची आणि बटन सोडायचं, हा रिनाचा नियम. कूक दिल्यावर उत्तराची वाट पाहायची, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

फक्त राजेंद्रभाऊंना कूक अजून जमत नाही. ते रेडिओवर आले की सगळ्या बोटी हसतात, पण बटन सोडून.