अपेक्षा एम.

आमच्या ताईचं पूर्ण नाव अपेक्षा मारुती ओव्हाळ. मुक्काम भाजे. मळवली स्टेशनला उतरून विचारलंत तर कुणीही घर दाखवेल. पण हे झालं भाज्यात. पुण्यात ती ज्या कंपनीत नोकरी करते तिथं, आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या ज्या परिषदांना हौसेनं जाते तिथं, ती नुसती अपेक्षा एम. एम म्हणजे मारुती, आमचे वडील. ओव्हाळ तिनं घरी ठेवलं होतं.

ताई डेटाबेस सांभाळते. म्हणजे काय, हे आईला समजावताना ती म्हणाली होती, लोकांची नावं, पत्ते, खाती सगळं एका जागी नीट ठेवायचं, हरवू द्यायचं नाही आणि कुणी मागितलं की लगेच काढून द्यायचं. आईनं भाकरी उलटत विचारलं, "मंग त्यात लोकांची आडनावं बी आसतील की?" ताई म्हणाली, असतात. आईनं पुढची भाकरी थापायला घेतली.

पहिल्या नोकरीत जेवणाच्या टेबलावर तिला कुणीतरी आडनाव विचारलं होतं. तिनं सांगितलं. समोरचा म्हणाला, "अच्छा." त्या अच्छामध्ये काय होतं हे तिनं आम्हाला कधी फोडून सांगितलं नाही, पण दुसऱ्या नोकरीत ती एम. होऊनच गेली. मला याचा राग यायचा. एवढी शिकलेली, गावात ताठ मानेनं फिरणारी बाई, आणि ऑफिसच्या दारात स्वतःला निम्मी करून आत जाते, हे माझ्या डोक्यात बसायचं नाही. मी वाद घालायचो. ती म्हणायची, "तुझ्या गाडीत बसणारे तुला आडनाव विचारत नाहीत, म्हणून तुला सुचतंय." माझी ईको आहे, लेणी बघायला येणाऱ्यांची स्टेशनवरून ने-आण करतो. ते फक्त भाडं विचारतात, हे खरं होतं.

आता तिच्या वेडाबद्दल. मोबाइलवर त्या चाचण्या येतात ना, तुम्ही कोणता प्राणी आहात, कोणतं फळ, तुमचा स्वभाव कोणत्या ऋतूसारखा? आमची ताई त्यातली एक सोडत नाही. कधी घुबड निघते, कधी फणस. फणस निघाली त्या दिवशी रुसली आणि दुसऱ्या दिवशी तीच चाचणी परत दिली. पुन्हा फणसच. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "ताई, आज कोण आहेस?" आणि ती खरंच सांगायची, "आज डोंगर." एकदा मी वैतागून म्हणालो, यात तुला मिळतं काय? ती म्हणाली, "सत्यम, ह्या चाचण्या सगळं विचारतात. पाऊस आवडतो का, राग आल्यावर काय करता. आडनाव विचारत नाहीत." त्यानंतर बरेच दिवस मी तिला छळलं नाही.

परिषदांमध्ये ती शेवटच्या रांगेत बसायची, सगळं टिपून घ्यायची आणि येताना कापडी पिशवी आणायची. त्या पिशव्यांवर इंग्रजीत मोठमोठे शब्द असतात. आमच्या शिवारातली मेथी गेली कित्येक वर्षं 'क्लाउड'मधूनच बाजाराला जाते. तिच्याच रांगेत कायम बसणारा एक अतुल होता, दुसऱ्या कुठल्या कंपनीतला. गळ्यातल्या बिल्ल्यावर अतुल के. दोघं चहाच्या वेळी फक्त कामाचं बोलायचे. गाव, घर हा विषय दोघांनीही कधी काढला नाही, हे ताईनंच मला नंतर सांगितलं.

या वर्षीची परिषद लोणावळ्याच्या एका हॉटेलात ठरली आणि आयोजकांनी ताईलाच बोलायला बोलावलं. विषय तिच्या आवडीचा, बॅकअप. नुसती प्रत काढून ठेवू नका, ती परत उभी राहते का ते बघा, असं ती घरातसुद्धा सांगत असते. पण व्यासपीठावर जायचं म्हणजे सगळे बघणार, आणि बघितलं की विचारणार. तिनं नेहमीप्रमाणे चाचणीला कौल लावला. उत्तर आलं, तुम्ही पडद्यामागचे कलाकार आहात. ताईनं नकाराचा मेल लिहायला घेतला.

आई शेजारी लसूण सोलत होती. म्हणाली, "परत लाव ती परीक्षा. आन् परश्न मला वाचून दाव." ताईनं वाचलं, लोकांसमोर बोलायची भीती वाटते का? आई म्हणाली, "न्हाई म्हून दाब. पुनवेला इहारात माईक कोन धरतं? बुद्धवंदना कोन घेतं? समदं गाव समोर आसतंय." ताई म्हणाली, "आई, ते वेगळं." आई म्हणाली, "काय येगळं न्हाई. तितं हुबी ऱ्हातीस तशीच हितं ऱ्हा." चाचणीचं उत्तर काय आलं ते मला आठवत नाही, पण मेल गेला नाही.

परिषदेच्या दिवशी आई पांढरी साडी नेसून दारात तयार. कार्यक्रम म्हणजे पांढरी साडी, यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बोलणाऱ्याच्या दोन पाहुण्यांना आत सोडत होते, म्हणून मी आणि आई शेवटच्या रांगेत बसलो. अतुल आमच्यापासून चार खुर्च्या सोडून होता. पहिल्या रांगेत ताईचे साहेब.

ताईचं नाव पुकारलं. ती चढली, माईकची उंची खाली केली, तो विहारात करते तसा बोटानं ठोकून बघितला. इंग्रजी भाषणाची पहिली ओळ तिनं आठवडाभर घोकली होती. तिनं मान वर केली, आणि समोर शेवटच्या रांगेत तिला आईची पांढरी साडी दिसली. पौर्णिमेला समोर अशाच साड्या असतात. आईनं सांगितलं होतं तशीच ती उभी राहिली, आणि तोंडून जे दर पौर्णिमेला निघतं तेच निघालं.

"सर्वांना जय भीम."

हॉलमध्ये कुणाला कळलं नाही, कुणी कळूनही न कळल्यासारखं केलं. ताईचा हात माईकवर तसाच राहिला. तिचा चेहरा मी लहानपणापासून बघतोय. ती आता खाली उतरते की काय, असं मला वाटलं. मी तोंड उघडायच्या आत आईनं बसल्या जागेवरून, शेतातल्या माणसाला हाक मारावी एवढ्या आवाजात, उत्तर दिलं, "जय भीम!" कुणी जय भीम घातला आणि तो तसाच हवेत राहिला, असं आईच्या आयुष्यात कधी झालेलं नाही. मग मी म्हणालो. मधल्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. आणि आमच्याच रांगेतून, चार खुर्च्या सोडून, एक आवाज आला.

साहेबांनी मागं वळून बघितलं. ताईनं एक श्वास घेतला आणि इंग्रजीत सुरुवात केली. मला त्यातलं फार कळलं नाही, पण ती मध्ये कुठं अडली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

चहाच्या वेळी आईनं अतुलला गाठलं आणि जे विचारायला ताई इतकी वर्षं घाबरली ते सरळ विचारलं. "कुटलं गाव बाळा? नाव काय पुरं?"

"उर्से. अतुल कांबळे," तो हळू म्हणाला.

"मंग उर्श्याची चंपा तुजी कोन?"

"आत्या."

"आगं बाई," म्हणत आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

ताईनं नोंदणीच्या टेबलावरून पेन घेतलं, बिल्ल्यावरचा एम. खोडला आणि मारुती ओव्हाळ लिहिलं. तेवढ्यात साहेब भाषणाचं कौतुक करायला आले. त्यांची नजर बिल्ल्यावर गेली. "ओव्हाळ? अच्छा."

"हो सर," ताई म्हणाली. "आणि ही माझी आई."

साहेबांनी नमस्कार केला. त्यांच्या अच्छात काय होतं ते सोमवारी कळणार होतं. ते गेल्यावर ताईनं पेन अतुलपुढं धरलं. त्यानं ते घेतलं, आजूबाजूला बघितलं, आणि नुसतंच हातात धरून राहिला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळा. घाई न्हाई. पेन ठेव तुज्यापाशी."

परतताना ताई पुढं माझ्या शेजारी बसली होती. बिल्ला गळ्यातच, मोबाइल पर्समध्ये. मी सवयीनं विचारलं, "ताई, आज कोण आहेस?"

ती काही बोलायच्या आत मागून आई म्हणाली, "माजी पोरगी हाय. तू म्होरं बघून गाडी चालीव."