बटणवाली पोथी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अकोल्यात भिक्षुकी करतात. त्यांनी लावलेली लग्नं टिकतात असा त्या भागात समज आहे. मोडलेलं लग्न गुरुजींना कळवायची पद्धत नसल्यामुळे तो अजून शाबूत आहे.

गेल्या हिवाळ्यात अकोटला कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडे लग्न होतं. नवरानवरी प्लास्टिकच्या फिरत्या कमळात बसून आली, डोक्यावर ड्रोन घोंघावत होता आणि होमाचा धूर व्हायच्या आतच मांडवभर यंत्राचा पांढरा धूर सोडलेला होता. त्या गडबडीत भाऊजींनी पोथीची दोन पानं एकदम उलटली आणि लाजाहोम गाळून ते थेट सप्तपदीवर आले. नवरीच्या आजीनं शांतपणे विचारलं, "महाराज, लाह्या त सुपातच हायेत. त्या काय आमी चिवड्यात टाकाच्या?"

माईक चालू होता. लोक पोट धरून हसले, लाह्या होमात पडल्या, जेवणं झाली. घरी आल्यावर भाऊजींनी पोथी लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवली.

दोष डोळ्यांचा होता. मोतीबिंदू पूर्वीच काढलेला, आता डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टर म्हणाले, नवा चष्मा देऊन उपयोग नाही, अक्षर चांगलं मोठं असेल तर वाचता येईल. पोथीचं अक्षर मोहरीएवढं. "पाठ आहे सगळं," भाऊजी म्हणाले, "पण पोथी हातात नसली की पाठ आहे यावर माझाच विश्वास बसत नाही."

याच सुमारास अमरावतीला माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मी नोंदणी लग्नाचा पुरस्कर्ता. कॉलेजात इतिहास शिकवताना मिरवणुकांचा इतका अभ्यास झाला, की स्वतःच्या घरची निघू नये असं मनापासून वाटतं. मुलीनं सरळ अट घातली. आत्याच्या यजमानांना ती काका म्हणते. "काकांनी माझं बारसं केलं, लग्नही काकाच लावणार. ते नाही म्हणाले तर तुमचं नोंदणी ऑफिस."

म्हणजे भाऊजी घरी बसले तर माझं तत्त्व आणि माझी बचत, दोन्ही साधत होतं. मी आनंदानं अकोल्याला गेलो आणि ऐन लग्नसराईत, सकाळी नऊ वाजता, भाऊजींना बनियनवर भेंडी निवडताना पाहिलं. ताई म्हणाली, "आठवडाभर माझा स्वयंपाक सुधारून राहिले. काहीतरी कर, नाहीतर मीच यांना कुठल्या तरी मांडवात सोडून येते."

मी आधी फोनवर पोथी वाचायचं सुचवलं. ते करून झालं होतं. वरूडला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे सत्यनारायणाचा तिसरा अध्याय चालू असताना एका बाईनं फोनवर भाऊजींना वैयक्तिक कर्ज देऊ केलं होतं. यजमानांनी पूजा थांबवून व्याजाचा दर विचारला.

मग मी माझं ई-रीडर पिशवीतून काढलं. फोन येत नाही, उन्हात कागदासारखं दिसतं, चार्जिंग आठवडे टिकतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, असं सगळं समजावलं.

"आणि करतं काय?" भाऊजींनी विचारलं.

"वाचता येतं."

"बस? याचे दहा-बारा हजार?"

"तुमची पोथी तरी दुसरं काय करते?"

"पोथीवर कधी कधी दक्षिणा ठेवतात," भाऊजी म्हणाले. पण यंत्र त्यांनी डोळ्यांजवळ धरलं होतं आणि ते लवकर परत दिलं नाही.

अमरावतीला येऊन मी अभ्यासाला लागलो. बाजारात मुख्यतः तीन जाती दिसल्या. माझ्यासारखं लहान, हातभर लांब ठेवलं तर विसरून जावं इतकं हलकं. मधलं थोडं मोठं, पाण्याला न घाबरणारं, एका कडेला पान उलटायची दोन बटणं असलेलं. किंमत पहिल्याच्या दुपटीच्या वर. आणि तिसरं पाटीएवढं, सोबत लिहायला लेखणी, किंमत अशी की ती बायकोला सांगण्याआधी पाणी प्यावं. परीक्षणं लिहिणारे सगळे लोक पोहण्याच्या तलावाकाठी आडवे पडून वाचत होते. होमाचा धूर, तुपाची बोटं आणि पळीतलं पाणी यांच्यासमोर कोणतं यंत्र टिकतं, हे जगात कुणीही तपासलेलं नव्हतं.

रोज संध्याकाळी मी भाऊजींना फोनवर तुलना वाचून दाखवायचो. पूजेत एखादी वस्तू घरात नसली तर गुरुजी तिच्याऐवजी अक्षता वाहायला सांगतात. वस्त्र नाही, वस्त्रार्थे अक्षता. दागिना नाही, अलंकारार्थे अक्षता. त्यामुळे उणीव या गोष्टीची भाऊजींना मुळात भीतीच नाही.

"लहानाला बटणं नाहीत," मी म्हणायचो.

"बटणार्थे अक्षतां समर्पयामि."

"मोठं पाण्यात टिकत नाही."

"अक्षता वाहा. पुढे?"

"किंमत फार आहे, भाऊजी."

"तिथे अक्षता चालत नाहीत," असं म्हणून ते फोन ठेवायचे.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी करायचं ठरलं. माझं लहान होतंच. मोठं एका आर्किटेक्ट मित्राकडून मागून घेतलं. मधलं, नापसंत पडल्यास ठरलेल्या दिवसांत परत घेण्याच्या बोलीवर मागवलं. ती बोली ऐकून ताई भाऊजींना म्हणाली, "अशी सोय आपल्या वेळी नव्हती ते बरं. तुमच्या आईंनी मला पहिल्याच आठवड्यात खोक्यात घातलं असतं."

"खोकं त्यांनी जपून ठेवलं होतं," भाऊजी म्हणाले.

एका रविवारी ताईच्या बैठकीत चौरंग मांडला. लग्नाची तालीम करायची तर वधूवर हवेत. पूजेत सुपारी गणपतीपासून गैरहजर बायकोपर्यंत कुणाचीही जागा घेते, म्हणून दोन सुपाऱ्या निवडल्या. ताईनं वधूसुपारीला हळद लावली आणि वरसुपारी जरा किडकी निघाली तेव्हा म्हणाली, "राहू दे, नोकरीवाला आहे." मी मुलीचा बाप. ताई उरलेली सगळी माणसं.

प्रथम मोठं यंत्र. त्यावर पोथीच्या पानांचे फोटो भरले होते आणि अक्षर खरंच दिसत होतं. पण भटजीचा डावा हात पोथी धरतो आणि उजवा सतत कामात असतो. गणपतीपूजन संपेपर्यंत भाऊजींचा डावा हात मांडीवर आला. "हा पाटा आहे," ताई म्हणाली, "यावर चटणी वाटता येईल."

मग माझं लहान. त्यात तेच फोटो भरल्यावर मोहरीची खसखस झाली. तरी भाऊजींनी रेटलं. अंतरपाट म्हणून ताईनं डिश पुसायचं फडकं धरलं. त्यांनी वधूवरांवर अक्षता टाकल्या. कोरड्या अक्षतांना यंत्रानं दाद दिली नाही. मग दर्भानं पाणी शिंपडलं. चार थेंब पडद्यावर पडले आणि पानं आपोआप पळायला लागली. भाऊजी पुसायला गेले तशी ती आणखी पळाली. थांबली तेव्हा समोर वास्तुशांत होती.

"लग्नाआधीच फ्लॅट," ताई म्हणाली. "मुलीच्या बापानं नशीब काढलं."

भाऊजींनी गंभीरपणे वाचायचा प्रयत्न केला, पण त्यांचा आवाज मध्येच हलला, आणि मग आम्ही तिघंही इतके हसलो की ताईच्या हातातलं फडकं सुटलं आणि वधूवरांनी मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहिलं. अकोटनंतर भाऊजी प्रथमच हसत होते. किडका नवरा चौरंगावरून घरंगळला, तो सोफ्याखाली गेला आणि झाडू घालून त्याला परत आणावं लागलं.

राहिलं मधलं. ते डाव्या हातात नीट बसलं. पडद्याचा स्पर्श बंद करता आला, त्यामुळे पाण्याचं काही चालेना. अंगठा बटणावर, उजवा हात मोकळा. फक्त फोटो इथेही बारीकच दिसत होते. अक्षर मोठं करायचं तर सगळा विधी टाइप करून भरायला हवा होता.

"तो कोण टाइप करणार?" मी विचारलं. दोघंही माझ्याकडे पाहत राहिले.

अशा रीतीनं, ज्याला विवाहविधी लांब वाटतो त्या माणसानं तो संपूर्ण टाइप केला. रोज संध्याकाळी भाऊजी अकोल्याहून फोनवर सांगत, मी अमरावतीला उतरवून घेई. ते पोथी उघडून, भिंग घेऊन बसायचे. एकदा ते हात धुवायला उठले तेव्हा ताईनं फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक, हे पान उलटून नाही राहिले. चार दिवसांपासून एकच पान उघडं आहे. तेही दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचं."

मी टाइप केलेलं पोथीच्या फोटोंशी ताडून पाहिलं. एक ओळ गळलेली नव्हती. यंत्र परत करायची मुदत तोवर उलटून गेली होती. नसती तरी मी ते परत केलं नसतं. पाठ असल्याचं त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते तर त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

लग्न लागलं ते अमरावतीच्या एका लहानशा कार्यालयात. फिरतं कमळ नव्हतं. एवढं मी पदरात पाडून घेतलं होतं. भाऊजी नवं सोवळं नेसून, हातात यंत्र घेऊन बसले. पडद्यावर एका वेळी चारच ओळी, पण प्रत्येक अक्षर दुकानाच्या पाटीवरचं वाटावं असं. सुरुवातीचं सगळं सुरळीत झालं. मग मंगलाष्टकं आली आणि दोन्हीकडच्या हौशी नातेवाइकांनी माईक ताब्यात घेतला. वरमावशीनं स्वतः रचलेली म्हटली, त्यात मुलाच्या पदवीचे गुण होते. त्यावर माझ्या बायकोच्या भावांनी उत्तर दिलं. भाऊजी स्वस्थ उभे होते. काही वेळ कुणी हात लावला नाही की हे यंत्र झोपतं आणि पडद्यावर एक चित्र येतं. मावशींनी तेवढा वेळ आरामात घेतला.

कन्यादानाला बसलो तेव्हा मला ते दिसलं. भाऊजींच्या हातातल्या पडद्यावर टोक काढलेल्या पेन्सिलींचं चित्र होतं. ओळीनं उभ्या, काळ्याकरड्या पेन्सिली. भाऊजी त्यांच्याकडे पाहत खणखणीत आवाजात विधी म्हणत होते आणि ठरावीक अंतरानं अंगठ्यानं बटण दाबत होते.

यंत्र जागं करायला खालची एक कळ दाबायची होती, माझ्यापासून वीतभर अंतरावर. पण माझे दोन्ही हात मुलीच्या आणि जावयाच्या हातांत गुंतलेले, वरून बायको पाण्याची धार धरून होती. मी भुवया उडवून पाहिल्या. बायकोला वाटलं मला रडू येतंय. तिनं धार जरा बारीक केली.

मग मी एवढंच करू शकत होतो ते केलं. टाइप केलेलं मनात उलगडत त्यांच्यामागून चाललो. कन्यादान झालं. कंकणं बांधली. होम पेटला. लाजाहोमाची जागा जवळ आली तसं मला अकोट आठवलं. ताई माझ्या मागे उभी होती. तिनंही पेन्सिली पाहिल्या होत्या, कारण माझ्या खांद्यात तिची नखं रुतली होती.

भाऊजी क्षणभर थांबले. अंगठ्यानं बटण दाबलं. पेन्सिली होत्या तिथेच राहिल्या.

"लाह्या आणा," ते म्हणाले.

माझ्या मुलानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, त्या होमात तडतडल्या, आणि मला अंत्याक्षरी जिंकल्यासारखं काहीतरी झालं. सप्तपदीच्या सातही पावलांना मी मनातल्या मनात पुढची ओळ आधी म्हणत होतो. वयाच्या साठीला मी इतका धार्मिक कधी दिसलो नव्हतो, असं बायकोच्या माहेरी अजून बोलतात.

जेवणानंतर मुलाकडचे गुरुजी भाऊजींशेजारी येऊन टेकले. "हे बरं दिसून राहिलं तुमचं. अक्षर कसं आहे?"

"अक्षराला तोड नाही," भाऊजी म्हणाले.

"चार्जिंग?"

"सकाळी होतं तेवढंच आहे. घ्यायचं तर बटणवालं घ्या, बिनबटणाचं पाण्यानं पळतं. महाग पडतं, पण वारंवार थोडंच घ्यायचं आहे. आणि मजकूर आमच्या साळेबुवांकडून घ्या. एक चूक नाही त्यात, आज मी अक्षरन् अक्षर तपासलं."

ताईनं विड्याच्या तबकात तोंड घातलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"बघू बरं," गुरुजींनी हात पुढे केला.

मी आधी यंत्र उचललं आणि कळ दाबली. पेन्सिली गेल्या, पडदा उजळला, आणि जिथे झोप लागली होती तिथलं पान आलं: मंगलाष्टकं. गुरुजींकडे पाठ करून मी बटण दाबत राहिलो, कन्यादान, कंकण, लाजाहोम, सप्तपदी, आशीर्वाद, आणि शेवटच्या पानावर आल्यावर ते त्यांच्या हातात दिलं.