तांब्याच्या तारेचे काका

मुलुंड पूर्वेला जमिनीच्या वर काय आहे ते कोणीही सांगेल, पण खाली काय आहे ते फक्त आमच्या तळमजल्यावरच्या काकांनाच माहीत. टेलिफोन खात्यात त्यांचा जन्म गेला तो जमिनीखालच्या केबली जोडण्यात. त्यामुळे रस्त्याने चालताना समोरून ओळखीचा माणूस आला तरी त्यांना दिसत नाही, कारण नजर फुटपाथवर. इतर लोक जाताजाता "इथे आमच्या मावशी राहतात" म्हणतात ना, तसे काका बँकेच्या दारात थांबून म्हणणार, "इथे माझा एक जॉइंट आहे. चार फूट खाली. अजून कोरडा असेल बघ." पुतण्याच्या वरातीत त्यांनी नवऱ्यामुलासकट घोडा थांबवला होता. का, तर घोड्याच्या पायाखाली मॅनहोलचं झाकण डुगडुगत होतं. काकू म्हणतात, "लग्नात सुद्धा यांची मान खाली. मला वाटलं, किती लाजतायत बिचारे! मागाहून कळलं, मांडवात मॅनहोल होतं."

मला ते 'बीकॉम' म्हणतात. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. आजोबा गिरणीत, बाबा गोदामात, आणि मी बीकॉम. हे मी कुणालाही सांगतो, मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. काका मात्र ती पदवी हाकेसारखी वापरतात. "ए बीकॉम, इकडे ये, हे इंग्रजी काय म्हणतंय बघ." वीजबिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं मीच वाचून द्यायचं, आणि मला ते आवडायचं.

कुठेही रस्ता खोदायला लागले की काका स्टूल आणि छत्री घेऊन जेसीबीच्या शेजारी हजर. ड्रायव्हरला दम भरायचे, "भैया, ढाई फूट के बाद हाथ से. नीचे मेरा माल है." ड्रायव्हर आधी हसायचा. मग अडीच फुटांवर खरोखरच काळी केबल दिसली की काकांना चहा पाजायचा. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात. काका सकाळी आंघोळ करून कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या पिलरला, म्हणजे त्या गंजक्या करड्या पेटीला, झेंडूचा हार घालून यायचे. आत आमच्या वस्तीतल्या तारा होत्या. एकेक घर मोबाइलवर गेलं आणि शेवटी त्या पेटीत जिवंत अशी एकच जोडी उरली, ती काकांची.

मोबाइल त्यांच्याकडेही आहे. ते तो टॉर्च म्हणून वापरतात. त्याला कारणही आहे म्हणा, आमच्या बिल्डिंगमध्ये रेंज म्हणजे पाहुणी. मला बोलायचं तर पार्किंगमधल्या दुसऱ्या खांबापाशी उभं राहावं लागतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कंबरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन माहेरी बोलतात, त्यामुळे त्यांच्या माहेरचं सगळं आम्हाला पाठ. काका म्हणतात, "येते-जाते ती सर्दी रे, बीकॉम. लाइन म्हणजे एक तर असते, नाहीतर नसते."

आणि त्यांची ती एक लाइन कशासाठी होती ते आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. दर रविवारी सकाळी दहाला कणकवलीजवळच्या गावाहून आक्काचा फोन यायचा. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, काकांना तिनेच वाढवलं. आता तिला दिसत नाही. पण बटणांवर बोटं फिरवून भावाचा नंबर ती बरोबर लावते. आयुष्यात तेवढा एकच नंबर तिला येतो. काकांनी आपणहून फोन केलेला तिला चालत नाही. "मोठी मी असंय. चौकशी मी करतलंय," असा तिचा कायदा. दहाला ती विचारणार, "जेवलंस काय रे?" आणि सत्तरी ओलांडलेले काका, पोहे खाऊन बसलेले असले तरी, म्हणणार, "जेवलंय गे."

गेल्या उन्हाळ्यात खात्याचं पत्र आलं, तांब्याच्या जुन्या लाइनी बंद होणार, नवीन फायबर जोडणी घ्या, नंबर बदलू शकतो. मी वाचून दाखवलं. काकांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी केली. मग म्हणाले, "तिची बोटं आता नवीन नंबर शिकायची नाहीत रे." मी दीड पानी इंग्रजी अर्ज लिहिला, नंबर तोच ठेवावा म्हणून. इतकं मन लावून मी परीक्षेत पण लिहिलं नव्हतं. महिना झाला, उत्तर नाही.

त्यात एका शनिवारी, पावसाच्या आधी रस्ता काँक्रीटचा करायची घाई चालली असताना, जेसीबीने मोबाइल टॉवरकडे जाणारी केबल तोडली. आख्ख्या गल्लीची वाट लागली. माझा दुसरा खांबसुद्धा कामाचा राहिला नाही. काकांचा फोन मात्र ठणठणीत. संध्याकाळी त्यांच्या दारात रांग. काका गजराचं घड्याळ लावून प्रत्येकाला तीन मिनिटं देत होते. वहिनींना मात्र पाच. "सवय आहे तिला, एकदम तोडलं तर त्रास होईल." मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी सव्वानऊला जेसीबीचा दात पुन्हा आत गेला आणि काकांचाही फोन मेला.

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, ठेवला, पुन्हा लावला. काकू म्हणाल्या, "एक रविवार नाही झालं बोलणं तर काय होतंय?"

"अगं, तार तुटली तरी तिकडे तिला घंटी ऐकू येणार. तिला वाटणार, वाजतोय आणि मी उचलत नाही."

काकूंचा चेहरा बदलला. मागे काका हर्नियासाठी चार दिवस अॅडमिट होते तेव्हा असंच झालं होतं. आंधळी आक्का शेजारणीचा हात धरून एसटीने मुंबईला येऊन थडकली होती. आता तर तिला धड चालवतही नाही. तिला कळवायचं कसं? नेटवर्क तर गल्लीत कुणाकडेच नव्हतं, आणि बाहेर जाऊन लावला तरी आलेला फोन ती उचलत नाही.

काकांनी पलंगाखालून कॅनव्हासची पिशवी ओढली. आत पक्कड, तार, आणि खात्यातला जुना टेस्ट फोन. मग लुंगी वर खोचून हा माणूस थेट खड्ड्यात उतरला. मुकादम ओरडला, "ओ आजोबा, बाहेर या! माझी नोकरी जाईल!" काका मान वर न करता म्हणाले, "तुझी अजून आहे ना? मग ओरड." चिखलात ते केबलच्या तारा सुट्या करत होते. मी खड्ड्याच्या काठाशी वाकून उभा. दहाला दहा कमी.

"बीकॉम, इथे काय बघतोस? घरात जा. फोनपाशी बस. वाजला की उचल."

मी जाऊन बसलो. काकू देवासमोर उभ्या. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले. दहा पाच. दहा अकराला फोन वाजला. इतका मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. उचलला.

"कोण रे तू? माझो भाव खंय असा? कवासून लावतंय मी!"

"आक्का, ते बरे आहेत. खड्ड्यात उतरलेत. केबल जोडतायत."

पलीकडून, "अजून? रिटायर झालो ना तो?"

"झाले. हे तुमच्यासाठी."

 तिचा आवाज जरा मऊ झाला. "जेवलो काय तो, विचार."

मी खिडकीतून ओरडलो, "काका, लागला! जेवलात का विचारतायत!"

खड्ड्यातून नुसता चिखलाने माखलेला हात वर आला. "जेवलंय म्हणून सांग!" मुकादम हसायला लागला, जेसीबीचा ड्रायव्हरही. काका मात्र वर यायला वेळ लावत होते. मी म्हणतो, घाम पुसत असतील.

नंतर अर्जाचं उत्तर आलं. नंबर तोच राहिला. बीकॉम कामाला आलं! काकांच्या भिंतीवर फायबरची पांढरी डबी बसली. काका तिला 'साबणदाणी' म्हणतात. वीज गेली की ती मरते, मग रविवार चुकू नये म्हणून त्यांनी बॅटरी आणली. पहिल्याच रविवारी आक्काने तक्रार केली. पूर्वी भावाच्या आवाजामागे पाऊस पडल्यासारखी खरखर असायची, तो मुंबईत आहे हे तिला त्यावरून कळायचं. "आता तू बाजूक बसल्यासारखो बोलतस. हात लावक जातंय आणि कोण नसता."

त्यानंतर काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

पावसाळा संपल्यावर कोपऱ्यावरचा पिलरही गेला. तिथे आता गुळगुळीत फुटपाथ आहे. दसऱ्याच्या सकाळी काका हार घेऊन तिथपर्यंत गेले, जरा वेळ उभे राहिले, आणि तसेच परत आले. मी दारातच होतो. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि तो हार साबणदाणीला घातला. हार मोठा, डबी एवढीशी. सगळी झेंडूत बुडून गेली, फक्त हिरवा दिवा लुकलुकत होता.

"काका, हिला?"

ते खाली उतरले. रिसीव्हरवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली.

"हिच्यात माझं काही नाही रे, बीकॉम," ते म्हणाले. "पण आक्का आता हिच्यातूनच येते ना."