अठ्ठावीस मीटरवरचा उजेड

एप्रिल १९९६. ठिकाण सावली तालुक्यातलं तलावाकाठचं एक गाव, मुक्काम गावच्या शाळेत. हजर: एक कॅप्टन, हवालदार शिवराम पाटोळे, मी लान्स नाईक, आणि चार जवान. एकूण सात. आम्ही तोफखान्याच्या सर्वे तुकडीतले. तोफ कुठे उभी आहे आणि गोळा कुठे पडायला हवा, याचं मोजमाप हे आमचं काम. त्या भागात आम्ही सरावासाठी महिनाभर आलो होतो.

पाटोळे जत तालुक्यातले. वय एकेचाळीस. मी त्याच जिल्ह्यातल्या माजरीचा, वडील कोळसा खाणीत. इथली बोली मला घरची होती, म्हणून गावात काही विचारायचं असलं की पाटोळे मला पुढे करायचे. मला ते ‘आकडेमास्तर’ म्हणत. मी चहाच्या कपात साखरेचे चमचेही मोजतो, असा त्यांचा आरोप होता. तो खरा होता.

दिनक्रम ठरलेला. ०५:३० पीटी, ०७:०० नाश्ता, दिवसभर उन्हात थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, १९:३० जेवण. अकरा तारखेला रात्री नऊच्या सुमारास संतरीने मला हलवून उठवलं. तलावापलीकडे आकाशात तांबूस उजेड दिसत होता. तो आधी एका जागी थांबला, मग डावीकडे झुलला, ठिणग्या खाली सांडल्या आणि विझला. एकूण चार मिनिटं. बाराला पुन्हा तेच.

आज वाचताना हसू येईल, पण तेव्हा कोणी हसलं नाही. पूर्वेकडच्या एका राज्यात विमानातून रात्री शस्त्रं टाकल्याची बातमी चारच महिन्यांची होती. इथून वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीचं जंगल. वरून विचारणा आली: हा उजेड म्हणजे विमानाला केलेली खूण आहे का? मोजमापाची साधनं आमच्याकडेच होती. काम आम्हाला मिळालं.

गावात चौकशी केली. सोमाभाऊ म्हणून ढिवर होते, तलावात जाळं टाकणारे, पन्नाशीचे.

“दरसाल दिसते जी,” ते म्हणाले. “आमची बाई म्हणते चांदणी उतरते.”

“आणि तुम्ही काय म्हणता?” पाटोळ्यांनी विचारलं.

“मी काऊन म्हणू? मले पाण्यातलं विचारा. जंगलातलं मले मालूम नाई.”

तेराच्या रात्री आम्ही दोन ठिकाणांहून उजेडाचं बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेतलं, एक तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, आणि एक शाळेच्या छतावरून. रात्री साडेदहापर्यंत मी कंदिलाखाली हिशेब केला. अंतर तीन हजार चारशे मीटर. उंची पाळीपासून अठ्ठ्याऐंशी मीटर. पाटोळ्यांनी नकाशा पुढे ओढला.

“तिथं टेकडी किती उंच आहे?”

“साठ.”

“मग राहिले किती?”

“अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस मीटर म्हणजे झाड, गड्या. आकाश नव्हे.”

हे उत्तर बरोबर होतं. पण झाडावर दिवा कोण लावतो आणि कशासाठी, हे माझ्या हिशेबात निघत नव्हतं. कॅप्टन साहेबांनी पंधरा तारखेला पेट्रोल, म्हणजे गस्त, ठरवली. पाटोळे, मी, दोन जवान, आणि वाट दाखवायला सोमाभाऊ. १९:०० वाजता निघालो. माझ्याकडे ड्रॅगन लाइट होता, दूरवर झोत टाकणारी मोठी हातबत्ती. पाटोळ्यांचा हुकूम स्पष्ट होता: “माझ्या सांगण्याशिवाय बत्ती लागणार नाही.”

२१:२० ला टेकडीवर पोहोचलो. समोर बेहड्याचं प्रचंड झाड. खाली तीन माणसांच्या आकृत्या. २१:२६ ला शेंड्याजवळ काटक्या-गवताचा पेटता जुडगा हलला. तोच उजेड.

जवानांनी रायफली रोखल्या. पाटोळ्यांनी आवाज दिला, “थम! कौन है?”

उत्तर नाही. तिघे पळालेही नाहीत. दुसऱ्यांदा आवाज दिला. तिसऱ्यांदा दिला. तिघे तसेच उभे, मान वर करून.

पाटोळ्यांनी वायरलेस सेटवर कळवलं. कॅप्टन साहेबांचा आवाज आला, “तीन बार ललकारा? जवाब नहीं? तो अब कार्रवाई करो. ओव्हर.”

कार्रवाई म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

“साहब, दो मिनिट दीजिए. ओव्हर.”

“एक मिनिट. ओव्हर.”

तेवढ्यात सोमाभाऊंनी पाटोळ्यांची बाही धरली. “सायब, गोळी नका मारू! मोहोळ झाडून राह्यले हे लोक. आग्या मोहोळ. वर मानूस आहे.”

“मग बोलत का नाहीत?”

“वर मानूस असला का खालचे तोंड उघडत नाईत जी. बोललं का वरचा पडते, असं मानतेत.”

पाटोळ्यांनी एवढंच म्हटलं, “हथियार नीचे.” रायफली खाली गेल्या. वेळ २१:३१.

इथे जे झालं ते मी केलं. वर खरंच माणूस आहे का, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. सांगोवांगीवर माझा विश्वास बसत नाही. मी बत्ती लावली आणि झोत शेंड्यावर टाकला. फांदीला दोर बांधून बसलेला एक माणूस दिसला. त्याच्या शेजारी पोळं, सुपाएवढं काळं. ते काळं हललं आणि झोताच्या वाटेने खाली आलं.

त्या आवाजाचं वर्णन मी करत नाही. पहिले चार-पाच डंख मानेवर बसले आणि बत्ती हातातून सुटली. ती जळतच होती. पाटोळ्यांनी ती उचलली. विझवली असती तर माश्या तिथेच आम्हा सगळ्यांवर बसल्या असत्या, हे त्यांना कसं उमगलं, मला माहीत नाही. जळती बत्ती डोक्यावर धरून ते उतारावरून धावले. खाली बोडी होती, शेतीच्या पाण्याचं लहान तळं. अंतर मी दुसऱ्या दिवशी मोजलं: दोनशे साठ मीटर. उजेड त्यांच्याबरोबर गेला आणि आवाज उजेडाबरोबर गेला. मग पाण्यात काहीतरी आपटलं आणि अंधार झाला.

वरचा माणूस दोराने खाली आला. खालच्यांतला म्हातारा तेव्हा पहिला शब्द बोलला, “उतरला.”

पाटोळे काठावर सापडले. शुद्धीवर होते. म्हणाले, “वरचा आला का खाली?”

“आला.”

“मग ठीक.”

सोमाभाऊ धावत गेले आणि तलावातले मासे विकत घ्यायला गावात मुक्कामाला आलेल्या रशीदभाऊंची मॅटाडोर घेऊन आले. बर्फाच्या पेट्या खाली फेकून पाटोळ्यांना आत निजवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी डंख मोजायला घेतले आणि दोनशेनंतर सोडून दिले. ०१:२० ला पाटोळे गेले.

मे महिन्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. बत्ती पाटोळ्यांजवळ सापडली होती. त्यांनीच ती लावली असं धरलं असतं, तर मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला असं लिहिलं गेलं असतं, आणि त्यांच्या पत्नीला पेन्शन साधी मिळाली असती. एका मित्राने मला सुचवलं, “अंधार होता, आठवत नाही म्हण.” मी वेळेसकट सांगितलं: बत्ती मी लावली, हुकमाशिवाय, २१:३१ नंतर लगेच. माझ्या एकट्याच्या शब्दावर चौकशीचे प्रमुख मेजर साहेब विसंबायला तयार नव्हते. साक्षीदार हवा होता.

झाडावरचा माणूस मसरू. मोहोळ काढल्याबद्दल पकडतील, या भीतीने गावाने त्याला जाऊ नको म्हटलं होतं. सोमाभाऊ आधी बोलले नव्हते, तेही याच भीतीने. तो सोमाभाऊंबरोबर आला. साक्ष दोन वाक्यांची झाली.

“लाईट या सायबानं लावला. त्या सायबानं पळवला.”

मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद, मिळाली, आणि नाईकच्या बढतीची फीत दीड वर्ष लांबली. ती शिक्षा मला कमी वाटली. उजेडाबद्दलच्या अहवालात एक ओळ गेली: मध गोळा करणारे स्थानिक लोक, धोका नाही.

साक्षीनंतर बाहेर मसरूने माझ्या हातात मधाचा एक डबा दिला. दुसऱ्या रात्री माश्या उठून गेलेलं ते पोळं त्यांनी उतरवलं होतं. त्यांच्यात वाटणीचा नियम आहे: खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला एक वाटा, वर चढणाऱ्याला दोन.

“माहे दोन वाटे त्याहिच्या घरी द्या,” तो म्हणाला.

“वर तर तू चढला होतास.”

“उतरलो त्याहिच्यानं.”

त्या रात्री झाडावर आणि झाडाखाली मिळून आम्ही आठ जण होतो, जे घरी परतलो. सोमाभाऊ, दोन जवान, मसरू, त्याचे तिघे आणि मी. आज मला बायको आहे, दोन मुली आहेत, आणि आमच्या गोळीने कोणी निरपराध मेला नाही, म्हणून येणारी झोप आहे. हे सगळं एका माणसाने एक मिनिट मागून घेतलं त्यातून आणि तो दोनशे साठ मीटर धावला त्यातून आलं.

जूनमध्ये रजा घेऊन मी जतला गेलो. हवालदार शिवराम पाटोळे यांच्या पत्नी, श्रीमती सुशीला पाटोळे यांना जे मिळालं ते असं: मृत्यू कर्तव्यावर झाल्याचा आदेश, त्यानुसार विशेष कुटुंब पेन्शन, आणि बेहड्यावरच्या मधाचे दोन वाटे, वजन पावणेतीन किलो. मध त्यांनी माझ्यासमोर तोलला नाही. वजन मी केलं होतं.